गिऱ्हाईक खुर्चीवरून उतरण्याआधी

धाकटीच्या हातचं काम चुकत नाही अशी घरात समजूत होती, आणि ती पसरवण्यात धाकटीचा स्वतःचा वाटा मोठा होता. ती वेबपेजेस बनवायची. घराच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, आणि तिच्या हाताखाली दूरदूरच्या गावांतून काम करणारी पाच-सहा माणसं, ज्यांना ती दिवसातून एकदा तरी "हे असं लिहितात का?" असं विचारायची. त्यांना उत्तर द्यायची सोय नसे.

घराच्या खाली चष्म्याचं दुकान. दुकान बाबांचं. पुढचं काउंटर ताई सांभाळायची आणि फ्रेम मागवणं, माणसं ठेवणं, भाडं भरणं हे ताईचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं आणि त्याच्यापुढे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले भिंगकाका. मधल्या अंधाऱ्या खोलीत अक्षरांचा तक्ता, उंच खुर्ची आणि बाबा.

बाबांचा एकच नियम होता, पण तो लोखंडी होता. गिऱ्हाईक खुर्चीवरून उतरण्याआधी त्याचा नंबर मागच्या खोलीत पोचला पाहिजे. तपासणीची खोली आणि यंत्राची खोली यांच्या मधल्या भिंतीत हातभर रुंदीची एक सरकती खिडकी होती. बाबा ती सरकवून नंबर सांगायचे, भिंगकाका तो लिहून घेऊन मोठ्याने परत म्हणायचे, बाबा "बरोबर" म्हणायचे आणि मगच त्या माणसाची सुटका व्हायची. मग त्याला घाई असो, खोकला येवो नाहीतर बाहेर त्याचं पोर रडत असो. "माणूस खुर्चीत आहे तोवर नंबर त्याचा आहे," बाबा म्हणायचे. "एकदा उतरला की तो कुणाचाही होऊ शकतो."

हे सगळं धाकटीला फार जुनाट वाटायचं. भिंतीतून ओरडून नंबर सांगणारं दुकान, आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर ती बसलेली. तिला लाज वाटायची म्हणा ना. शेवटी एका सुट्टीत तिने बाह्या सरसावल्या आणि दुकानासाठी पान बनवून टाकलं.

पान होतं मात्र देखणं. गिऱ्हाइकाचं नाव दाबलं की त्याचं कार्ड उघडायचं. कार्डावर दोन डोळ्यांचे चौकोन, आणि त्यांत मागच्या खेपेचा नंबर आधीच भरलेला. नंबर बदलला असेल तर त्याच चौकोनात नवा टाइप करायचा. खाली दोन बटणं. एक 'जतन करा', ज्याने नवा नंबर दुकानाच्या नोंदीत जायचा आणि कार्ड नव्याने उघडायचं. दुसरं 'घासायला पाठवा'. ते दाबलं की भिंगकाकांच्या डोक्याशी ठेवलेला छोटा प्रिंटर कुरकुरायचा आणि कार्डाची हुबेहूब नक्कल चिठ्ठी होऊन बाहेर यायची. या नकलेचं काम तिने एका ओळीत केलं होतं. वेगळी चिठ्ठी आखत बसायची नाही, पानावरचं कार्ड जसं आहे तसं उचलायचं आणि छापायचं. एका ओळीत झालेल्या कामाचा तिला कोण आनंद. तो तिने जेवताना सगळ्यांना समजावूनही सांगितला होता, आणि सगळ्यांनी भाजी वाढून घेत मान डोलावली होती.

खिडकीची गरज संपली. भाऊजींनी तिच्यापुढे फ्रेमांचं कपाट उभं केलं. भिंगकाका म्हणाले, "म्हणजे आता दिवसभर यंत्राशीच बोलायचं." पण तेही हळूहळू सरावले.

मग तक्रारी यायला लागल्या.

आधी एक शिवणकाम करणारी बाई आली. म्हणाली, नवा चष्मा लावूनही सुईत दोरा जात नाही. बाबांनी तिचा चष्मा तपासला तर काचा तिच्या जुन्याच नंबरच्या. बाबांनी माफी मागितली, नव्या काचा करून दिल्या. मग ग्रंथालयातला एक माणूस आला. त्याचंही तेच. मग आला बसचा चालक. तो काही शिवणकामाच्या बाईसारखा हळू बोलणारा नव्हता. दुकान भरलेलं असताना काउंटरवर चष्मा ठेवून तो म्हणाला, "ताई, नव्या चष्म्यातून मला जुनंच जग दिसतंय. आजोबांना आता जरा विश्रांती द्या. माझ्यामागे पन्नास माणसं बसलेली असतात." मधल्या खोलीचं दार उघडं होतं. बाबांनी ते ऐकलं.

त्याच संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर भाऊजींनी सगळ्यांना काउंटरभोवती बसवलं. भाऊजी वाईट माणूस नव्हते. उलट ते फार हळुवारपणे बोलत होते. त्यांनी चुकलेल्या चिठ्ठ्या एका बाजूला मांडल्या आणि स्क्रीनवर त्याच माणसांची कार्डं उघडली. चिठ्ठीवर जुना नंबर, कार्डावर नवा. प्रत्येक वेळी.

"म्हणजे बाबांना नवा नंबर माहीत होता," भाऊजी म्हणाले. "डोळे त्यांनी बरोबरच तपासले. फक्त पाठवताना चौकोनात बदलायचं राहिलं. मग आठवलं, तेव्हा बदलून जतन केलं. तोवर चिठ्ठी गेलेली."

"मी आधी बदलतो," बाबा म्हणाले. "बदलतो आणि मग पाठवतो. मला तसं आठवतंय."

"तेच तर," भाऊजी आणखी हळू आवाजात म्हणाले.

ताईने मान खाली घातली होती. गर्दीच्या दिवशी काही चिठ्ठ्या तीही काउंटरवरून पाठवायची. बाबांनी मधल्या खोलीतून जतन केलेलं कार्ड ती यादीतून उघडायची आणि बटण दाबायची. तिच्या हातून गेलेली एकही चिठ्ठी चुकली नव्हती. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण भाऊजींनी दाखवलं.

आई तेवढी फणकारली. "यांचं तोंड चुकतं," ती म्हणाली. "हात नाही चुकत. इतकी वर्षं बघतेय मी."

मग सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. साहजिकच होतं. पान तिचं होतं.

आणि धाकटीने तपासलं होतं बरं का. ती काही वाऱ्यावर बोलणारी नव्हती. सकाळीच तिने स्वतःचं कार्ड उघडलं होतं, नंबर बदलला, जतन केलं, पाठवलं, खाली जाऊन चिठ्ठी पाहिली. बरोबर. आईच्या कार्डावर तेच केलं. बरोबर. मग दोन्ही कार्डांवर जुने नंबर परत घातले. दहा वेळा केलं असतं तरी दहा वेळा बरोबर आलं असतं, कारण जतन केल्याशिवाय पुढचं बटण दाबायला तिचं बोट धजावतच नसे. ऑफिसात लागलेली सवय. तिने सर्व्हरवरच्या नोंदीही पाहिल्या होत्या. चुकलेल्या प्रत्येक वेळी बाबांनी आधी पाठवलं होतं आणि नंतर जतन केलं होतं. भाऊजी म्हणत होते त्याच्याशी ते अगदी जुळत होतं.

"पान बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "मी तपासलंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी गोष्ट पटली की माणूस पाहतो तसं.

"मग माझंच चुकलं असणार," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या दुकानातला एक अनुभवी तपासनीस यायचं ठरलं. बाबांनी पुढे बसावं, ओळखीच्या माणसांशी बोलावं, फ्रेम निवडायला मदत करावी. बाबा हो म्हणाले. इतक्या सहज हो म्हणाले की आई उठून वर निघून गेली.

मधले दिवस धाकटीला जड गेले. तिला खात्री होती, पण खात्रीने काही गोड लागत नव्हतं. ती खाली जायची तेव्हा दारातून बाबा दिसायचे. पूर्वी तक्त्याकडे पाठ करून हसतखेळत नंबर काढणारा माणूस आता स्क्रीनवरच्या चौकोनावर बोट टेकवून आकडा पुटपुटायचा. बटण दाबायचा, आणि परत स्क्रीनजवळ नाक नेऊन पाहायचा. एकदा त्यांनी ताईला हाक मारली आणि विचारलं, "इथे उणे तीनच आहे ना गं?" ताईने हो म्हटलं, काउंटरवर परत आली आणि उगाच काच पुसत बसली. दुपारी हाच माणूस गिऱ्हाइकाला जाऊ देताना म्हणाला, "चष्मा घ्यायला याल तेव्हा नीट बघून घ्या हं. माझं हल्ली चुकतं."

ते ऐकून धाकटीला रडू फुटलं. जिन्यात थांबून तिने ते आवरलं.

शनिवारी आई वर आली आणि तिच्या टेबलाशी उभी राहिली. "डोकं दुखतं दुखतं म्हणत असतेस. जा, डोळे तपासून घे. सोमवारपासून तिथे परका माणूस असेल."

धाकटी खाली गेली. खुर्चीवर चढली. लहानपणी तिचे पाय त्या खुर्चीच्या पायरीला पोचत नसत, आणि बाबा तिला आधी गोल फिरवायचे आणि मग तपासायचे. आता त्यांनी फिरवलं नाही. जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि काचा बदलायला सुरुवात केली.

"ही बरी, की ही?"

"ही."

"आणि आता?"

"पहिलीच."

"पहिली कुठली? तुला उत्तर द्यायची घाई. लहानपणापासून." त्यांचा आवाज जरासा पूर्वीसारखा झाला. अंधारात, काचा हातात असताना, ते अजून तेच होते. शेवटची काच बसली तेव्हा तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ अशी लख्ख उभी राहिली की तिच्या कपाळावरची आठीच मिटली.

"दोन्ही डोळे उणे दोन. मागच्या वेळी उणे दीड होतं," बाबा म्हणाले. "म्हणून दुखत होतं डोकं."

त्यांनी तिचं कार्ड उघडलं. तिच्या डोळ्यांवर अजून ती जड फ्रेम होती, आणि तिच्यातून तिला स्क्रीन कधी नव्हे इतका स्वच्छ दिसत होता. दोन्ही चौकोनांत उणे दीड होतं. बाबांनी ते खोडलं. उणे दोन टाइप केलं. बोट टेकवून पुटपुटले. मग, ती अजून खुर्चीत असतानाच, 'घासायला पाठवा' दाबलं. भिंतीपलीकडे प्रिंटर कुरकुरला. तेव्हा कुठे त्यांनी 'जतन करा' दाबलं आणि तिच्या नाकावरची फ्रेम काढली.

"उतर," ते म्हणाले. "बहुतेक तूच माझी शेवटची."

रविवारी सकाळी भिंगकाकांनी तिच्या हातात चष्मा दिला. तिने तो लावला आणि सवयीने मागच्या दारातून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. अक्षरांच्या कडा पुसट होत्या. तिने जुना चष्मा लावून पाहिला. तेवढ्याच पुसट. नवा, जुना, परत नवा. काडीमात्र फरक नाही.

"काका, काय घासलंत तुम्ही?"

"चिठ्ठीत आलं ते," भिंगकाका म्हणाले आणि तारेला अडकवलेली चिठ्ठी काढून दिली. "मी मनाने घासतो का कधी?"

चिठ्ठीवर उणे दीड होतं.

धाकटी तशीच उभी राहिली. बाबांना उणे दोन टाइप करताना तिने पाहिलं होतं, आणि कुणा दुसऱ्याच्या नव्हे, त्यांनीच लावलेल्या काचांतून. त्यांच्या बोटाच्या आणि या चिठ्ठीच्या मध्ये दुसरं कुणी नव्हतं. होती फक्त एक ओळ. तिची.

जिना चढून टेबलाशी पोचेपर्यंत तिला सगळं कळलं होतं. कोड उघडला तो फक्त खात्री करायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपली खात्री खोटी ठरावी.

गोष्ट अशी होती. पानावरच्या प्रत्येक चौकोनात दोन वेगळ्या गोष्टी नांदत असतात. एक म्हणजे पान तयार होऊन येताना चौकोनाच्या टॅगमध्ये जे लिहून आलं ते, याला ॲट्रिब्यूट म्हणतात. दुसरी म्हणजे चौकोनात या घडीला काय आहे ते, ही प्रॉपर्टी. हिच्याशी पान चालवणारं स्क्रिप्ट बोलतं. पान उघडतं तेव्हा दोन्हींत एकच आकडा असतो आणि दोन्हींचं नावही एकच, व्हॅल्यू. म्हणून माणसाला वाटतं की हे एकच आहे. पण माणसाने चौकोनात टाइप केलं की प्रॉपर्टी बदलते आणि ॲट्रिब्यूट ढिम्म हलत नाही. ते सुरुवातीला काय होतं एवढंच धरून बसतं. जतनाचं बटण प्रॉपर्टी विचारत होतं, म्हणून नोंदीत नवा नंबर जायचा. पण चिठ्ठीची ती लाडकी एक ओळ कार्डाचं मार्कअप, म्हणजे टॅगांत लिहून आलेला मजकूर, जसंच्या तसं उचलत होती, आणि मार्कअपमध्ये असतात ती ॲट्रिब्यूट्स. आधी जतन केलं आणि कार्ड नव्याने उघडलं, की नवा नंबर लिहूनच पान यायचं आणि नक्कलही बरोबर निघायची. ताईची निघायची. धाकटीची निघायची. गिऱ्हाईक खुर्चीत असतानाच नंबर पाठवणारा या घरात एकच माणूस होता.

आणि हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. हाताखालच्या माणसांना हेच ती शिकवायची. गेल्याच महिन्यात एकाची याच चुकीवरून तिने सगळ्यांदेखत हजेरी घेतली होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले.

तिने ओळ दुरुस्त केली. नक्कल काढण्याआधी प्रत्येक चौकोनात आत्ता काय आहे ते विचारायचं आणि नकलेत तेच लिहायचं. एकाच्या चार ओळी झाल्या. मग तिने बाबांसारखं केलं. कार्ड उघडलं, नंबर बदलला, जतन न करता पाठवलं. खाली प्रिंटर कुरकुरला. ती धावत गेली. चिठ्ठीवर नवा आकडा होता.

दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असायचं. काउंटरवर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ताई होती, भाऊजी होते. मधल्या खोलीत बाबा सोमवारी येणाऱ्या तपासनिसाला कप्पे उघडून दाखवत होते, कुठल्या काचा कुठे, तक्त्याचा दिवा कधीकधी लपलपतो तेव्हा त्याला कसा चापट मारायचा. तपासनीस मान डोलावत होता. बाबांचा पांढरा कोट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता.

धाकटीने दार पूर्ण उघडलं, म्हणजे बाहेरच्यांनाही ऐकू जावं.

"बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. पान चुकीचं होतं. माझं चुकलं."

भाऊजींनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"तू तर तपासलं होतंस," बाबा म्हणाले.

"मी माझ्या पद्धतीने तपासलं. तुमच्या पद्धतीने तपासलं नाही. तुम्ही काम कसं करता हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी तसं करून पाहिलं नाही." तिने चिठ्ठी आणि नवा चष्मा त्यांच्या हातात दिला. "काल तुम्ही उणे दोन टाइप केलंत. मी बघत होते. चिठ्ठीत उणे दीड गेलं."

बाबांनी चष्मा उजेडाकडे धरला, नंबर मोजायच्या छोट्या यंत्रावर ठेवला, पाहिलं. मग खुर्चीच्या पायरीवर बसले.

"मला सांग," ते म्हणाले. "नीट सांग. कसं काय?"

तिने सांगितलं. ॲट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी, लिहून आलेलं आणि आत्ता असलेलं. ती थांबल्यावर बाबांनी स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि त्याची काडी आतून तिला दाखवली. तिथे बारीक अक्षरांत मापं छापलेली होती.

"हे कारखान्यातून छापून येतं," ते म्हणाले. "काडीची लांबी, नाकावरची रुंदी. मग मी ती काडी गरम करून वाकवतो, नाकाच्या गाद्या दाबतो, वर्षभरात ती चेहऱ्याप्रमाणे आणखी बदलते. छापलेलं मात्र तेच राहतं. ते वाचून कुणी दुसरा चष्मा केला तर याच माणसाला बसणार नाही. असं?"

"अगदी असंच," धाकटी म्हणाली. "मी काडीवरचं वाचून पाठवत होते. चेहरा कुणी बघितलाच नाही."

भाऊजी पुढे आले. "बाबा, मी... चिठ्ठ्या समोर होत्या म्हणून."

"तुम्ही बरोबरच केलंत," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा प्रश्न होता. मी तुमच्या जागी असतो तर त्या म्हाताऱ्याला तिसऱ्या नाही, दुसऱ्या चिठ्ठीलाच उठवलं असतं." मग ते तपासनिसाकडे वळले. तो बिचारा हातात काचांचा ट्रे धरून कुठे बघावं या विवंचनेत होता.

"मग मी उद्या येऊ, की..." तो म्हणाला.

"या की. गर्दी असतेच. पण खुर्ची दुसरी आणावी लागेल. ही रिकामी नाही."

आईला कुणीतरी वर जाऊन सांगितलं असावं, कारण ती जिन्यात दिसली. "हात नाही चुकत म्हटलं होतं" हे तिने पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरलं, पण त्या दिवशी नाही.

सोमवारी बसचालकाला बोलावून घेतलं. जुन्या नंबरच्या काचांच्या जागी नव्या त्याला आधीच मिळाल्या होत्या, पण धाकटीने हट्टच धरला की परत तपासायचं. तो आत शिरला आणि बाबांना खोलीत पाहून दारातच थबकला. धाकटी मध्ये आली. "तेव्हाची चूक माझी होती," ती म्हणाली. "मी बनवलेल्या पानाची. त्यांनी तुमचा नंबर बरोबर काढला होता आणि बरोबर पाठवला होता. तुम्ही भर दुकानात त्यांना बोललात, म्हणून मी पण दार उघडं ठेवून सांगतेय." चालकाने टोपी काढली, बाबांकडे पाहिलं आणि मुकाट्याने खुर्चीवर चढला.

तपासणी झाली. नंबर तोच होता. बाबांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि 'घासायला पाठवा' दाबलं, बोट न टेकवता, न पुटपुटता. पलीकडे प्रिंटर कुरकुरला. चालक उतरायला लागला.

"थांबा," बाबा म्हणाले.

भिंतीपुढचं फ्रेमांचं कपाट आदल्या दिवशीच भाऊजींनी आणि भिंगकाकांनी मिळून हलवलं होतं. बाबांनी खिडकी सरकवली. पलीकडून भिंगकाकांनी चिठ्ठीवरचा नंबर खणखणीत आवाजात म्हटला, इतके दिवस मुका बसलेला माणूस बोलतो तसा.

"बरोबर," बाबा म्हणाले. "उतरा आता."

चालक गेला. धाकटी दाराशीच होती. तिच्या नाकावर भिंगकाकांनी परत घासून दिलेला उणे दोनचा चष्मा होता आणि बाबांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ तिला दिसत होती.

"पान आता बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "खिडकीची तशी गरज नाही."

"असेल बरोबर. माझा तुझ्यावर विश्वास होता," ते म्हणाले. "म्हणून मी माझ्यावर संशय घेतला. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा घेतला, आणि तो खोटा निघाला." त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. "पुढच्या वेळी आधी तुझ्यावर घेईन."

"घ्या," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू आलं, आणि या खेपेला ती जिन्यात गेली नाही. बाबांनी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची एकदा गोल फिरवली.